गारठ्यानं बधिर झालेले पाय

बसा पोरींनो, त्या स्टुलावर नका बसू, ते डुगडुगतं, इकडं खाली सतरंजीवर या. तुमच्या मॅडम सकाळी म्हनल्या, मावशी, आमच्या नर्सिंगच्या मुलींना तुमच्या मालकांच्या आजाराची हिस्ट्री सांगा, पार पहिल्यापासून सांगा, पुस्तकात त्यांनी डायबिटीस लय वाचलाय, आता मानसाकडून ऐकू द्या. सांगते की. नायतरी मला दुसरं काय काम हाय इथं, आत ते भिंतीकडं तोंड करून पडलेत, दुसराबी पाय काढायचाय त्यांचा, डॉक्टर कालपासून मागं लागलेत का सही करा, आन् हे सही करत नायत. आज दुपारपर्यंत सांगा म्हनलेत डॉक्टर, नंतर पाय काढूनबी उपेग नाय. तव्हर बोलते तुमच्याशी, गप बसले का मला काय काय सुचतं.

आता पहिल्यापासून म्हंजे कुठून धरू. मी मूळची चांदोरीची. आमच्या घरी जिमीन नव्हती, आई दुसऱ्याच्या द्राक्षबागंत कामाला जायची आन् मी तिच्या मागं मागं, मला पाटीवर अक्षर यायच्या आधी हातात कातर आली. विरळनीची कातर, बारीक टोकाची, घडातले दाटीचे मनी त्या कातरीनं काढायचे, म्हंजे बाकीचे फुगत्यात. दिवसभर मान वर. माझी मान अजूनबी वरच ऱ्हाती बघा, लोकांना वाटतं बाई लय तोऱ्याची हाय. तोरा कसला आलाय, वर बघू बघू मान तशीच धरली. मंग लगीन झालं सायखेड्याला. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाय, पन इथं सगळ्या शिस्टर भाऊसाहेब भाऊसाहेब करत्यात, ऐकून ऐकून माझ्याबी तोंडात बसलं. नाव भाऊसाहेब आन् काम हमालाचं. एक लेक हाय आम्हाला, सोनाली, मालेगावला दिलीय, जावयाचे यंत्रमाग हायेत भाड्याचे, बरं चाललंय तिचं, देवाची कृपा.

तर निफाडच्या रस्त्याला एक पॅकहाऊस हाय, तिथं द्राक्षं परदेशी पाठवायला भरत्यात. बागंतून माल येतो तो उन्हानं तापलेला असतो, तसाच भरला का नासतो, म्हनून पेट्या भरल्या का आधी एका मोठ्या खोलीत गार करत्यात, साहेब लोक त्याला प्रीकूलिंग म्हनत्यात, आम्ही आपलं कोल्ड म्हनतो. ह्या कोल्डवर आमच्या ह्यांनी जलम काढला. ट्रॉल्या आत ढकलायच्या, बाहेर काढायच्या, भिंतीवरचा मीटर बघायचा. अंगात दोन दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आन् पायात स्लीपर. शेठनं रबरी बूट दिल्ते, पन ह्यांचं म्हननं, बुटात पाय जड होत्यात, चपळाई ऱ्हात नाय. एखाद्याला आपल्या शेतीचा अभिमान असतो ना, तसा ह्यांना त्या कोल्डचा. पाव्हना आला का पहिलं हेच सांगनार, का बाबा गरमीनं दूध नासतं, भाजी नासती, मढंबी नासतं, गारठ्यानं काय नासत नाय, माल जितका गार तितका टिकतो. काय सांगू तुम्हाला, ह्या एका वाक्यानं माझ्या संसाराचं वाटोळं केलं. माझी त्या वाक्यावर लय आग हाय.

पहिल्यांदा तहान लागायला लागली. तांब्याच्या तांब्या पानी प्यायचे आन् सारखं लघवीला. कोल्डमधून उठून उठून बाहेर जायचे. तिथले समदे म्हनले, कोल्डमधी लघवीला ज्यास्तच होतं, आम्हालाबी होतं. झालं, ह्यांना तेच पायजे व्हतं. अंग उतरलं, प्यांटीला सुतळी बांधायची पाळी आली, तर म्हने शिजनचं काम हाय, शिजनला कोनाचं अंग ऱ्हातं. मंग एक दिवस मी मोरी धुवायला गेले तर मोरीच्या दगडावर मुंग्यांची रांग. माझी आई म्हनायची, मुंग्या लागल्या का समजायचं, लघवीतून साखर जाती. मी हाताला धरून सायखेड्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बोटाला टोचलं, मशीन बघितली, परत टोचलं, आन् मला म्हनले, ताई, ह्यांना बसवा आधी. एवढी शुगर घेऊन मानूस ट्रॉल्या ढकलत व्हता.

गोळ्या चालू झाल्या. एक मोठी, जेवनासंगं घ्यायची, आन् एक बारीक, जेवनाच्या आधी. मोठीनं ह्यांना जुलाब लागायचे, डॉक्टर म्हनले पोट भरून जेवा आन् मंग घ्या, महिनाभरात अंगवळनी पडंल, पन महिनाभर दम कुठला, ह्यांनी ती टाकली. ऱ्हायली बारीक. ती न चुकता घ्यायचे, बारीक हाय म्हंजे गरीब हाय असं वाटलं त्यांना. पन ती बारीकच लय खोडीची, पोरींनो. एक दिवस गोळी घेतली आन् तेवढ्यात कंटेनर आला, तो वेळंत भरावा लागतो, मंग जेवन ऱ्हायलं. दुपारून कोल्डमधी ह्यांना दरदरून घाम. आता तुम्हीच सांगा, कोल्डमधी कोनाला घाम येतो का. हात थरथर, बोलनं बरळल्यावानी, ट्रॉली नेऊन भिंतीवर घातली. सुपरवायझरनं तोंडाचा वास घेतला. उभा जलम गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या मानसाच्या तोंडाचा वास घेतला आन् म्हनला, भाऊसाहेब, कुठली मारून आलास. घरी लावून दिलं. वाटंत कोनीतरी चहा पाजला, गोड, आन् घरी येईस्तोवर हे चांगले टुनटुनीत. डॉक्टरनं सांगितलं का शुगर खाली गेल्ती, ती गोळी घेऊन उपाशी ऱ्हायचं नाय. ह्यांनी काय ऐकलं, तर गोळी घ्यायची नाय.

दोन्ही सुटल्या. मंग जांभळाच्या बियांची पूड आली, कारल्याचा रस आला, कोन कुठला तरी काढा आला. मी भांडले, रुसले, सोनालीला फोन लावून दिले, तिनं लय समजावलं. पन दुखत काहीच नव्हतं ना. दुखत असतं तर मानूस पळत गेला असता दवाखान्यात. दात दुखला तर रातोरात नाशिकला जातो मानूस. ह्या आजाराची हीच लबाडी हाय, तो दुखत नाय. आतून खात ऱ्हातो आन् वरून मानूस हसत जेवत असतो.

आन् मंग पाय. तुमच्या मॅडम म्हनल्या पायाचं नीट सांगा. एक दिवस हे कामावरून आले, दारात उभे, आन् एका पायात चप्पल नाय. मी म्हनलं, अहो, चप्पल कुठं टाकून आले. त्यांनी खाली बघितलं. बघितल्यावर कळलं त्यांना. मी हसले, तेबी हसले, आन् वाटंनं मागं जाऊन चप्पल घेऊन आले, पार देवळापाशी पडली व्हती, तिथून घरापर्यंत खडीवरून चालत आल्ते. मंग हे नेहमीचंच झालं. मी म्हनायची, पाय दाखवा डॉक्टरला. तर म्हने, अगं दिवसभर कोल्डमधी उभा असतो, गारठ्यानं बधिर होत्यात, शेकले का येत्यात जाग्यावर. आन् तिथं काम करनारे समदे तेच म्हनायचे, का आमचेबी होत्यात. पन त्यांचे घरी गेल्यावर येत व्हते जाग्यावर, ह्यांचे येत नव्हते. हा फरक कोनाच्या ध्यानात आला नाय. कोल्ड व्हतं म्हनून. हे जर वीटभट्टीवर कामाला असते, नायतर किराना दुकानात, तर त्याच दिवशी म्हनले असते का पायाला काय झालं. कोल्डनं सगळ्याला उत्तर देऊन ठेवलं व्हतं.

रोज संध्याकाळी शेगडी पेटवायची आन् पाय शेकत बसायचं. त्या दिवशी थंडी लय व्हती, मी मागल्या दारी भांडी घाशीत व्हते, हे टीव्हीवर बातम्या बघत बसलेले. मला वास आला. मला वाटलं कोंबडी भाजतंय कोन शेजारी. मंग वाटलं आज एकादशी हाय, शेजारी कोन भाजनार. आत आले तर ह्यांचा डावा पाय शेगडीच्या कडंला टेकलेला, टाचंचं कातडं शेगडीला चिकटलेलं, आन् हे बातम्या बघत्यात. मी बोंबलले. त्यांनी पायाकडं बघितलं, आन् असं बघितलं जसा तो दुसऱ्या कोनाचा पाय हाय. तेव्हा मला भ्या वाटलं. त्याच्या आधी मला कधी त्या आजाराचं भ्या वाटलं नव्हतं, राग यायचा नुसता.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असंल. कोरफड लावली, मलम लावलं, पट्टी बांधून हे दुसऱ्या दिवशी कामाला, कारन दुखत नाय. टाच काळी पडली, वास सुटला, ताप चढला, तव्हा नाशिकला आनलं. गुडघ्याच्या खालून काढला. पाय काढायच्या आधी ह्यांनी डॉक्टरला एकच सांगितलं, का पाय कचऱ्यात टाकू नका, माझ्या बायकोला द्या. कागदपत्रं करून दिला त्यांनी. माझा भाऊ बाळू आन् मी, गाडीवर, मधी ते गाठोडं. सायखेड्याला गोदावरीच्या कडंला खड्डा करून पुरला. मीठ टाकलं, हळद-कुंकू वाहावं का नाय ते कळंना, नवरा तर जिता हाय. बाळू म्हनला, अक्का, रडू नको, मानूस हाय ना. मी म्हनलं, रडत नाय, पन ह्या पायाला मी लग्नात धुतलंय रे.

मंग बसवला तो खोटा पाय. शेठ मानसातला निघाला, म्हनला भाऊसाहेब, ट्रॉल्या ऱ्हाऊ द्या, खुर्ची टाकून बसा आन् मीटरवर ध्यान ठेवा. आन् इंजेक्शन चालू झालं, इन्सुलिन. दुधासारखं पांढरं पानी, बाटलीत. ह्यांनी स्वतः शिकून घेतलं, पोटाला टोचायचं, रोज जागा बदलायची, बाटली हलवायची नाय, हातात घोळवायची, सगळं. खरं सांगते, तव्हा ते सुधारले व्हते. जांभूळ बंद, कारलं बंद, येळच्या येळी जेवन, गोड बंद. पुरनपोळीकडं बघायचे आन् दुसरीकडं तोंड करायचे. मला कीव यायची. मानसानं एकदा ठोकर खाल्ली, दुसऱ्यांदा शहाना झाला. आन् त्या शहानपनालाच दगा झाला, पोरींनो, हेच मला सहन होत नाय.

आमच्याकडं फ्रीज नाय. दवाखान्यातून सांगितलं व्हतं का हरकत नाय, मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवा, मधी वाळू घाला, वाळू ओली ठेवा, त्यात बाटली चांगली ऱ्हाती. मी तसंच केल्तं. चांगलं चाललं व्हतं. पन उन्हाळा तोंडावर आला आन् ह्यांना शंका. एवढ्या महागाचं औषध, मडक्यात कुठं टिकतं. मी रोज जगातलं एक नंबरचं कोल्ड सांभाळतो आन् माझं औषध मडक्यात. घेऊन गेले. चांगलं डबीत घालून ब्लोअरच्या जवळ ठेवलं, का तिथं सगळ्यात गार. तिथं पाइपाला बर्फ धरतो. बाटली तिथं गोठायची, टोचायच्या येळंला काढून हातात धरायचे, पुन्हा पानी व्हायची. मला सांगितलं त्यांनी, कौतुकानं सांगितलं, का अगं थंडीत खोबरेल तेल गोठतं, उन्हात ठेवलं का परत तेलच ना. मलाबी पटलं. कोनाला नाय पटनार? तेल तेलच ऱ्हातं.

आन् शुगर चढायला लागली. डॉक्टर विचारत्यात, काय खाल्लं. काय नाय खाल्लं. खोटं बोलू नका. अहो खोटं नाय बोलत. डोस वाढवला. परत शुगर जास्त. परत डोस वाढवला. पाहुने, शेजारी, समदे म्हनायला लागले का भाऊसाहेब चोरून खातोय. सोनाली फोनवर रडली का आप्पा, आमच्यासाठी तरी नका खाऊ. तो मानूस भाकरी आन् मेथी खाऊन उठायचा, आन् समदं गाव त्याला चोर म्हनायचं. एक दिवस मला म्हनले, तुला तरी खरं वाटतं का माझं. मी म्हनलं, मला वाटतं. पन डॉक्टरला नाय वाटत त्याला मी काय करू. डोळ्याला अंधुक दिसाया लागलं, मीटरचे आकडे दुसऱ्याला विचारायचे. पायावर सूज. डॉक्टर म्हनले मूत्रपिंडाला लागलंय आता.

त्यात कधीतरी पेटीची पिन, ती पुठ्ठ्याला मारायची पितळी पिन, ती त्यांच्या उजव्या बुटात गेली. आता बूट घालायला लागले व्हते, एकच तर पाय. किती दिस त्या पिनंवर चालले ते देवाला ठाऊक. पाय रोज बघायचा असतो, सांगितलं व्हतं मला, पन हे मोजा काढू देत नव्हते, म्हने एका पायाचा पंचनामा झाला, ह्याला सुखानं ऱ्हाऊ दे. स्वतः बघायचे ते तसल्या डोळ्यांनी.

मंग शिजन संपला. द्राक्ष संपली, कोल्ड बंद झालं, बटन काढलं शेठनं. ह्यांनी नवी बाटली आनली आन् मी ती मडक्यात ठेवली. ध्यान द्या पोरींनो, हे कुठं लिव्हायचं तर लिव्हून घ्या. नवी बाटली चांगली, जिती बाटली, आन् डोस तोच, मेलेल्या बाटलीवर वाढवत नेलेला. सकाळी टोचलं आन् चहा होईस्तोवर वट्ट्यावर बसले. मी चहा घेऊन आले तर तिथंच कलंडलेले. अंग घामानं ओलं, डोळे अर्धे, दातखीळ बसलेली. मला त्या कंटेनरच्या दिवसाची आठवन झाली, मी साखरंचा डबा घ्यायला पळाले, तर शेजारनीनं माझा हात धरला, म्हने, अगं बाई, शुगरवाल्याला साखर घालती का, मारती का त्याला. समदे गोळा झाले आन् समदे तेच म्हनाया लागले. मला ढकललं लोकांनी, पोरींनो. माझ्या दारात, माझा नवरा, माझ्या हातातला डबा, आन् लोकं मला धरून उभे. मी बाळूला हाका मारल्या. तो आला, त्यानं गाडीत घातलं आन् इथं आनलं. इथं सलाइनमधून साखर सोडली तर डोळे उघडले आन् म्हनले, चहा झाला का. डॉक्टर मला म्हनले, बेशुद्ध मानसाच्या तोंडात काही घातलं नाय ते बरं केलं, घशात गेलं असतं, पन जरा उशीर झाला असता तर मानूस गेला असता. म्हंजे लोकं चुकले आन् मीबी चुकतच व्हते, आन् बरोबर कोनालाच माहीत नव्हतं.

इथं एक पिकल्या केसाची शिस्टर हाय, तिनं मला बसवून सगळं विचारलं, का मावशी, बाटली कुठं ठेवता, आधी कुठं ठेवत व्हता. मी सांगितलं. ती जुनी उरलेली बाटली बाळूनं घरून आनली. शिस्टरनं ती उजेडात धरली, हातात घोळवली. नासल्या दुधावानी आत बारीक बारीक गुठळ्या. ती म्हनली, इन्सुलिन एकदा गोठलं का मेलं, परत वितळलं तरी ते औषध नाय, नुसतं पानी टोचत व्हते तुम्ही. मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरून सगळा रंग गेला. पहिला पाय काढायचं सांगितलं तव्हाबी एवढा गेला नव्हता. जलमभर ज्याच्यावर इस्वास ठेवला त्यानंच. मंग शिस्टरनं मोजा काढला, आन् ती तशीच पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आली.

आता म्हनत्यात घोट्यापर्यंत सडलंय आन् वर चाललंय, रक्तात विष पसरंल. हे म्हनत्यात, नका कापू. एका पायाचा गडी खुर्चीवर तरी बसतो, बिनपायाचा गडी काय करतो. माझं वझं कुठवर वाहशील तू, म्हने, मला हाय तसा जाऊ दे. काल सोनाली आली, पायाशी बसून रडली, तिला म्हनले, तुझ्या आईला मालेगावला घेऊन जा माझ्या माघारी. लेक बाहेर येऊन मला म्हनली, आई, आप्पांनी ठरवलंय. मी रात्री देवाला म्हनलं, एक तर त्यांची मती फिरव नाय तर मलाबी ने. आता देव तरी कोनाकोनाचं ऐकनार.

थांबा हं. हाक मारत्यात ते. जाऊन येते.

बसलाय का अजून. बरं केलं. पानी द्या जरा.

मी गेले तर म्हनले, डॉक्टरला सांग का माझं ठरलं, नाय म्हनून सांग. मला काय झालं कोन जाने, इतके दिवस समजावत व्हते, हातापाया पडत व्हते, आज माझं डोकंच फिरलं. मी म्हनलं, अहो, मी जलमभर क्रेट उचलल्यात. द्राक्षानं भरलेल्या, बागंतून रस्त्यापर्यंत, दोन दोन एकावर एक. तुम्ही हाय असे किती, वाळून काडी झालेत, आन् त्यातून दोन्ही पाय गेलेले. तुमचं वझं मला होतं का. मला बिनपायाचा पायजे. मला आंधळा पायजे. पन मला दारात बसलेला पायजे, कामावरून आल्यावर मला ए म्हनायला कोनीतरी पायजे. तुम्ही गेलात तर मी कोनावर खेकसू. शेजारच्या खाटंवरच्या पेशंटनंबी मान वळवून बघितलं. ह्यांचं भिंतीकडंच तोंड. मंग म्हनले, जेवलीस का तू. मी म्हनलं, नाय. म्हनले, जेव आधी. आन् म्हनले, त्या डॉक्टरला बोलाव, कुठं करायची सही.

झाली सही. आत्ताच झाली. दुपारून नेनार हायेत. आता मला रडू येतंय बघा, इतका येळ आलं नाय. जगतील का नाय ते डॉक्टरबी सांगत नायत, छातीचंबी काहीतरी म्हनत्यात, किडनीचं म्हनत्यात, सांगता येत नाय म्हनत्यात. असंल ते असंल. मी मागून मागून एवढंच मागितलं का मानूस घरी येऊ दे.

तुम्ही लय शिका पोरींनो, तुमच्या हाताला यश येऊ दे. तुमचे नवरे, लेकरं धडधाकट ऱ्हावोत. एक काम करता का माझं. मला दारापासून पुढं येऊ द्यायचे नायत. तुम्हाला आत जाऊ देत असतील तर तुमच्यातल्या एकीनं त्यांना आत नेताना त्या पायाला हात लावून ठेवा. त्याला काय कळत नाय, पाय मेलाय कधीच, मला माहीत हाय. पन इतके दिवस तो पाय एकटाच व्हता बाई, आता जाताना तरी कोनाचा हात असू दे त्याच्यावर.